कुणाला म्हणायचं राष्ट्राचा कलावंत?

1973 साली मॅनिलाच्या 'फोकस' या नियतकालिकात प्रॉमिथिअसवर एक इंग्रजी कविता छापून आली. कवीचं नाव रुबेन क्युएव्हास. साहित्यवर्तुळात हे नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं. देशात लष्करी कायदा लागू होता आणि छापल्या जाणाऱ्या प्रत्येक शब्दावर सरकारची करडी नजर होती. पण ग्रीक पुराणातल्या एका वीराच्या गोष्टीत कुणाला काय खटकणार? अंक बाजारात गेला आणि मग वाचकांच्या लक्षात आलं, की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचत गेलं तर मॅनिलाच्या मोर्च्यांत अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्याविरुद्ध दिली जाणारी घोषणा तयार होते. क्युएव्हास हे टोपणनाव होतं. कविता होसे लाकाबा या तरुण पत्रकाराने लिहिली होती. 1974 मध्ये लाकाबा लष्कराच्या कैदेत गेले.

दोन वर्षांनी, 1976 मध्ये, याच सरकारने निक वाकीन यांना 'राष्ट्रीय कलावंत' हा कलाक्षेत्रातला देशातला सर्वोच्च सन्मान देऊ केला. वाकीन हे इंग्रजीतून लिहिणाऱ्या फिलिपिनो लेखकांमधलं सर्वांत मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धात जुनं मॅनिला बेचिराख झालं, आणि ते शहर आपल्या कथा-नाटकांत पुन्हा उभं करणारे म्हणून लोक त्यांना ओळखत. 'क्विहानो दे मनिला' या टोपणनावाने त्यांनी केलेली पत्रकारिताही तितकीच गाजलेली. लाकाबा त्यांचे जुने सहकारी होते. वाकीन यांनी सन्मान स्वीकारायला एक अट घातली: लाकाबांना सोडा. लाकाबा सुटले.

पुढे काय झालं ते आणखी रंजक आहे. तीन वर्षांनी 'जॅग्वार' नावाचा चित्रपट आला. त्याचा आधार होता वाकीन यांचा एका गुन्ह्यावरचा वृत्तलेख, पटकथा लाकाबा आणि रिकी ली यांची, आणि दिग्दर्शक लिनो ब्रोका. 1980 मध्ये हा चित्रपट कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेला. तोवर एकाही फिलिपिनो चित्रपटाला तिथे जागा मिळालेली नव्हती. ब्रोका 1997 मध्ये, मृत्यूनंतर सहा वर्षांनी, राष्ट्रीय कलावंत ठरले. ली यांना हा मान 2022 मध्ये मिळाला, आणि लष्करी कायद्याच्या काळात तेही तुरुंग भोगून आले होते.

एका बाजूला पदक, दुसऱ्या बाजूला कोठडी, आणि मधून वाट काढत लिहिणारी, चित्रपट करणारी माणसं. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय कलावंतांची ओळख करून घ्यायची तर ती इथून सुरू करावी. या सन्मानाची अधिकृत यादी भारदस्त आहे; पण त्या देशाने स्वतःचा चेहरा कसा घडवला हे त्या यादीपेक्षा तिच्याभोवती झालेल्या भांडणांतून अधिक स्पष्ट दिसतं.

सन्मानाची सुरुवात 1972 ची. 24 एप्रिलला चित्रकार फर्नांडो आमोर्सोलो वारले आणि तीनच दिवसांनी, 27 एप्रिलला, मार्कोस यांनी घोषणापत्र क्रमांक 1001 काढून 'राष्ट्रीय कलावंत' ही पदवी निर्माण केली. पहिला मान आमोर्सोलोंना मरणोत्तर दिला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मार्कोस यांनी देशावर लष्करी कायदा लादला. आज राष्ट्रीय संस्कृती आयोग आणि फिलिपिन्सचं सांस्कृतिक केंद्र या दोन संस्था मिळून नावांची शिफारस करतात आणि राष्ट्राध्यक्ष त्यावर सही करतात. सन्मानासोबत पदक, रोख रक्कम, मासिक मानधन आणि वैद्यकीय मदत मिळते. मृत्यूनंतर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार होतात आणि वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा असते.

अशा सन्मानाची इतकी निकड का वाटली, हे कळण्यासाठी नकाशा समोर ठेवावा लागतो. सात हजारांहून अधिक बेटं, दीडशेहून अधिक भाषा. तीन शतकांहून जास्त काळ स्पेनची सत्ता, मग 1898 पासून अमेरिकेची, मध्ये तीन वर्षं जपानची टाच, आणि 1946 मध्ये स्वातंत्र्य. धर्म स्पेनने दिलेला, शाळा अमेरिकेने दिलेली. देशाचं नावसुद्धा दुसरा फिलिप या स्पॅनिश राजावरून पडलेलं. मग यात आपलं काय? हा प्रश्न तिथल्या कलावंतांना नुसत्या चर्चासत्रापुरता नव्हता. काय रंगवायचं आणि कोणत्या भाषेत लिहायचं, या रोजच्या कामातच तो समोर येत असे.

आमोर्सोलोंचं उत्तर होतं प्रकाश. भाताची लावणी करणारे शेतकरी, फळांची टोपली घेतलेली गावाकडची मुलगी, आंब्याच्या झाडाखाली विसावलेली माणसं. आणि या सगळ्यांच्या पाठीमागून येणारं सोनेरी ऊन, जे केसांच्या कडेला आणि खांद्यांवर झळाळतं. माद्रिदमध्ये शिकून आलेल्या या चित्रकाराने फिलिपिनो माणसाला स्वतःचं गाव इतकं सुंदर करून दाखवलं, की कित्येक पिढ्यांना 'आपला देश' म्हटलं की आमोर्सोलोंचंच चित्र आठवे. दिनदर्शिकांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत त्या प्रतिमा पोचल्या. खिनेब्रा सान मिगेल या घरोघरी माहीत असलेल्या जिनच्या बाटलीवरचं, देवदूत आणि सैतानाच्या झुंजीचं चित्रही त्यांचंच.

हे ऊन सगळ्यांना मान्य नव्हतं. व्हिक्टोरियो एदादेस अमेरिकेत वास्तुकला आणि चित्रकला शिकले. शिकता शिकता सुट्टीत ते अलास्कातल्या मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत राबले. 1928 मध्ये मायदेशी परतून त्यांनी मॅनिलात प्रदर्शन भरवलं. त्यातल्या 'बांधकाम मजूर' या चित्रात मातकट रंगाची, घामेजलेली, ओबडधोबड शरीरं एकमेकांत गुंतलेली होती, आणि सोनेरी उन्हाचा त्यात मागमूस नव्हता. लोक चक्रावले. चित्रं बहुतेक विकली गेली नाहीत. जुन्या-नव्या चित्रकारांमध्ये पुढे वर्षानुवर्षं वृत्तपत्रांतून वाद झडला. एदादेस 1976 मध्ये राष्ट्रीय कलावंत झाले. आमोर्सोलो आणि एदादेस एकाच यादीत शेजारी बसतात ही गोष्ट त्या यादीच्या बाजूने बोलणारी आहे: देशाचं चित्र कसं काढायचं यावर एकमत नसलेल्या दोघांनाही तिने जागा दिली.

1973 च्या तुकडीत फ्रान्सिस्का रेयेस-अकिनो हे नाव आहे. व्यायामशिक्षिका असलेल्या या बाईंनी 1920 च्या दशकात, जेव्हा शाळांमधून अमेरिकी खेळ आणि नाच शिकवले जात होते, तेव्हा गावोगाव हिंडून लोकनृत्यं गोळा करायला सुरुवात केली. पावलं कशी पडतात, ताल कोणता, पोशाख काय, हे त्या वहीत टिपून घेत. फिलिपिन्स विद्यापीठातला त्यांचा प्रबंध याच विषयावरचा. 1930 च्या दशकात विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी या कामाला पाठबळ दिलं, आणि संगीतकार आंतोनिनो ब्वेनाव्हेंतुरा त्यांच्यासोबत सुरावटी लिहून घेऊ लागले. तेही पुढे राष्ट्रीय कलावंत झाले. आपटणाऱ्या दोन बांबूंमधून चपळाईने पाय काढत नाचायचं 'तिनिकलिंग' हे लेयते बेटावरचं नृत्य आज जगभरचे फिलिपिनो आपली खूण म्हणून नाचतात. एका भागातला नाच साऱ्या देशाचा झाला तो रेयेस-अकिनो यांच्या पुस्तकांमधून आणि शाळांच्या मैदानांवरून. राष्ट्रीय ओळख घडते म्हणजे नेमकं काय होतं, याचं इतकं ठळक उदाहरण क्वचित सापडेल.

त्याच तुकडीतलं दुसरं नाव वाचताना मात्र थबकायला होतं. अमादो हर्नांदेस. टागालोग भाषेतले कवी, कादंबरीकार, पत्रकार, जपानी अंमलाविरुद्ध लढलेले, आणि युद्धानंतर देशातल्या मोठ्या कामगार महासंघाचे अध्यक्ष. जानेवारी 1951 मध्ये सरकारने त्यांना बंडाच्या आरोपाखाली पकडलं. खालच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पाच वर्षांहून अधिक काळ ते तुरुंगात होते. 1956 मध्ये जामीन मिळाला, आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. बंडाच्या आरोपाला खुनासारखे गुन्हे जोडून शिक्षा वाढवता येणार नाही, हे तत्त्व फिलिपिन्सच्या कायद्यात 'हर्नांदेस सिद्धांत' म्हणून त्यांच्याच खटल्यावरून रूढ झालं. कायद्याच्या पुस्तकात आणि कवितेच्या पुस्तकात, दोन्हीकडे नाव राहिलेला हा माणूस. तुरुंगात लिहिलेल्या कवितांचा संग्रह 1961 मध्ये निघाला. 'शिकारी पक्षी' असा अर्थ असलेल्या नावाची त्यांची मोठी कादंबरी 1969 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. 1973 मध्ये, लष्करी कायद्याखाली लेखक-पत्रकारांनी तुरुंग भरलेले असताना, त्याच राजवटीने या माजी राजकीय कैद्याला मरणोत्तर राष्ट्रीय कलावंत केलं. मेलेला बंडखोर सत्तेला सोयीचा वाटला असेल. पण त्यामुळे त्याचं लेखन सन्मानाने वाचलं जाऊ लागलं, हेही खरं.

हर्नांदेस यांच्या पत्नी आतांग दे ला रामा यांची कथा स्वतंत्रपणे सांगावी इतकी मोठी आहे. सारस्वेला म्हणजे स्पेनहून आलेलं आणि टागालोगमध्ये पुरतं मुरलेलं संगीत नाटक. आतांग या रंगभूमीच्या सम्राज्ञी. 'दालागांग बुकिद' या सारस्वेलात त्या किशोरवयातच नायिका झाल्या. 1919 मध्ये होसे नेपोमुसेनो यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला, आणि फिलिपिनो माणसाने केलेला पहिला कथापट म्हणून तो नोंदला गेला. नायिका अर्थातच आतांग. चित्रपट मूक होता, म्हणून त्या प्रयोगाच्या वेळी पडद्याजवळ उभ्या राहून गाणी प्रत्यक्ष गात. कुंदिमान या आर्त प्रेमगीतांना त्यांनी बड्या नाट्यगृहांपासून कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यांपर्यंत नेलं. मार्कोस यांची सत्ता 1986 मध्ये कोसळली आणि 1987 मध्ये आतांग राष्ट्रीय कलावंत झाल्या. पती-पत्नी दोघांच्या वाट्याला हा मान आला, पण चौदा वर्षांच्या अंतराने आणि दोन वेगळ्या राजवटींकडून.

मार्कोस राजवटीचं कलेशी असलेलं नातं नुसतं दडपशाहीचं म्हणून सोडून देता येत नाही. मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये मॅनिला उपसागराच्या काठी सांस्कृतिक केंद्राची भव्य इमारत उभी राहिली. तिचे वास्तुरचनाकार लेआंद्रो लोक्सिन पुढे राष्ट्रीय कलावंत झाले. पैसा होता, देखाव्याची हौस होती, आणि त्याच पैशातून काही विलक्षण गोष्टीही घडल्या. होसे मासेदा पॅरिसमध्ये पियानो शिकले, पण मन ओढलं गेलं ते डोंगरी जमातींच्या घंटांकडे आणि बांबूच्या वाद्यांकडे. त्यांनी आयुष्यभर गावोगावचं संगीत ध्वनिमुद्रित केलं आणि तोच नाद घेऊन आधुनिक रचना केल्या. 1 जानेवारी 1974 रोजी मॅनिला परिसरातल्या 37 रेडिओ केंद्रांवरून त्यांची 'उग्नायान' एकाच वेळी प्रसारित झाली. रचनेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या केंद्रांवर होते, म्हणून लोकांनी आपापले ट्रान्झिस्टर घेऊन मैदानांत जमायचं आणि सगळ्यांच्या रेडिओंतून मिळून संगीत घडायचं. सगळी केंद्रं एका हुकमासरशी एकच गोष्ट वाजवू शकतात, हे ज्या राजवटीत शक्य होतं त्याच राजवटीत ही कल्पना साकारली. कलेच्या चाहत्याला ही गोष्ट आनंदाची वाटते आणि अस्वस्थही करते. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

ब्रोकांनी मात्र राजवटीशी उघड झुंज घेतली. 1975 चा 'मायनिला' हा त्यांचा चित्रपट प्रेयसीच्या शोधात शहरात आलेल्या कोळ्याच्या मुलाची गोष्ट सांगतो, आणि ती सांगता सांगता बांधकामावरच्या मजुरांचं लुबाडलं जाणारं आयुष्य पडद्यावर आणतो. इमेल्डांना जगाला दाखवायचं होतं ते झगमगतं मॅनिला इथे कुठेच नव्हतं. 1976 चा 'इन्सियांग' झोपडपट्टीतल्या आई-मुलीचा. 1984 मध्ये 'बायान को' सरकारच्या नजरेआड देशाबाहेर काढून कानमध्ये दाखवावा लागला. 1985 च्या सुरुवातीला जीपनी या प्रवासी गाड्यांच्या चालकांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून ब्रोकांना अटक झाली. मार्कोस गेल्यावर नव्या सरकारने त्यांना राज्यघटना लिहिणाऱ्या मंडळावर घेतलं, पण तिथूनही ते राजीनामा देऊन बाहेर पडले. 1991 मध्ये मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

मराठी माणसाच्या कानाला मॅनिला हे नाव परिचित आहे ते रॅमन मॅगसेसे पुरस्कारामुळे. 1958 मध्ये विनोबा, 1959 मध्ये सी. डी. देशमुख, आणि पुढे कित्येक मराठी नावं त्या यादीत आली. हा पुरस्कार साऱ्या आशियासाठी आहे आणि राष्ट्रीय कलावंत सन्मानाशी त्याचा संबंध नाही. पण बाबा आमटे यांना तो मिळाला त्या 1985 सालच्या यादीत लिनो ब्रोका होते, आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या 1996 च्या यादीत निक वाकीन. त्या त्या वर्षी आपल्याकडच्या बातम्यांत आपलं नाव ठळक झालं ते साहजिकच; शेजारच्या नावाकडे वळून पाहायला आता तरी हरकत नाही.

सन्मान कुणी द्यायचा यावरची मोठी लढाई 2009 मध्ये झाली. निवड समित्यांनी शिफारस केलेल्या नावांतून अध्यक्षा ग्लोरिया माकापागाल-आरोयो यांनी संगीतकार रॅमन सांतोस यांचं नाव गाळलं आणि शिफारस नसलेली चार नावं स्वतः घातली. त्यांत सेसिल गिदोते-आल्वारेस होत्या. फिलिपिनो शैक्षणिक रंगभूमी संघटनेच्या संस्थापक म्हणून रंगभूमीवरचं त्यांचं कर्तृत्व वादातीत, पण त्या वेळी त्या निवड करणाऱ्या आयोगाच्याच कार्यकारी संचालक होत्या. कार्लो कापारास हे लोकप्रिय चित्रकथांचे लेखक आणि चित्रपट दिग्दर्शक होते. त्यांच्या नावावरून 'लोकप्रिय' आणि 'थोर' यांतल्या फरकाची चर्चा घराघरात पोचली. कलावंतांनी काळे कपडे घालून सांस्कृतिक केंद्रात सन्मानाचाच शोकविधी केला. बियेनव्हेनिदो लुंबेरा, व्हिर्खिलियो आलमारियो अशा राष्ट्रीय कलावंतांनी न्यायालयात धाव घेतली. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चारही नावं रद्द केली. त्यांपैकी वास्तुरचनाकार फ्रान्सिस्को मान्योसा यांना 2018 मध्ये रीतसर हा मान मिळाला, आणि गाळलेले सांतोस 2014 मध्ये यादीत आले. कलावंतांचा सन्मान राज्यकर्त्याच्या मर्जीवर चालणार नाही, हे न्यायालयाकडून लिहून घेणारे कलावंत जगात फार नाहीत. त्यांच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

नोरा ऑनॉर यांच्या बाबतीत लोकांना आठ वर्षं वाट पाहावी लागली. इरिगा गावच्या रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी ही मुलगी 1967 मध्ये गाण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. गोऱ्या, मिश्रवंशी चेहऱ्यांनाच नायिका मानणाऱ्या चित्रपटसृष्टीत ठेंगण्या, सावळ्या नोरांनी 'सुपरस्टार' ही पदवी मिळवली. 1982 च्या 'हिमाला'त त्यांनी मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगणारी खेडवळ एल्सा केली. दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, पटकथा रिकी ली यांची. 2014 मध्ये शिफारस होऊनही अध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी जुन्या अमली पदार्थ प्रकरणाचं कारण देऊन त्यांचं नाव वगळलं. लोक संतापले. अखेर 2022 मध्ये मान मिळाला. एप्रिल 2025 मध्ये त्या गेल्या, तेव्हा वीरांच्या दफनभूमीत त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला गेला.

राहिला प्रश्न मॅनिलाबाहेरच्या कलेचा. चित्रकार, कादंबरीकार, दिग्दर्शक या साच्यात न बसणाऱ्यांसाठी 1992 मध्ये वेगळा कायदा झाला आणि 'मानलिलिखा नग बायान' हा लोककलावंतांचा सन्मान सुरू झाला. 1993 च्या पहिल्या तिघांत मिंदोरो बेटावरचे गिनाव बिलोग होते. हानुनुओ मांग्यान जमातीची सात-सात अक्षरांची 'आंबाहान' कविता ते बांबूवर पूर्वजांच्या लिपीत कोरत. 1998 मध्ये तबोली जमातीच्या लांग डुलाय यांचा गौरव झाला. आबाकाच्या धाग्यांचं 'तनालाक' त्या विणत, आणि त्यावरची नक्षी स्वप्नात दिसते अशी त्यांच्या जमातीची श्रद्धा. या सन्मानाची एक अट फार मोलाची आहे: मानकऱ्याने आपली कला पुढच्या पिढीला शिकवायची. तरीही दोन याद्या कशाला, हा प्रश्न टोचतोच. लांग डुलाय यांचं वस्त्र आणि आमोर्सोलोंचं चित्र यांतलं 'राष्ट्रीय' कोणतं आणि 'लोक' कोणतं? प्रादेशिक भाषांबाबतही तसंच. हिलिगायनोन भाषेतले कादंबरीकार रामोन मुसोनेस यांच्यापर्यंत ही यादी पोचायला 2018 साल उजाडलं, तेही मरणोत्तर. इंग्रजी आणि टागालोगबाहेर लिहिणाऱ्यांची थकबाकी अजून मोठी आहे.

ज्यांना या कलावंतांना स्वतःच भेटायचं आहे त्यांनी चित्रपटांपासून सुरुवात करावी. 'मायनिला' 2013 मध्ये आणि 'इन्सियांग' 2015 मध्ये मूळ प्रतींवरून नव्याने दुरुस्त झाले, त्यामुळे ते आता नीट पाहता येतात. मग 'हिमाला'. वाकीन यांच्या कथा 2017 मध्ये पेंग्विनच्या अभिजात मालेत आल्या आहेत. त्यांच्या जोडीला एफ. सिओनिल होसे यांच्या रोसालेस गावाभोवतीच्या पाच कादंबऱ्या घ्याव्यात: जमीनदार आणि कुळं यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संघर्षाची ही कथा इंग्रजीतच लिहिलेली आहे, आणि शेतीच्या प्रश्नावर वाढलेल्या मराठी वाचकाला तिच्यात शिरायला फार वेळ लागणार नाही.